अंगठा उठवला म्हणजे संमती झाली का?

सातपुडाकाठी
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर अभ्यास करताना मी धडगावकडच्या एका पाड्यावर दोन महिने होते. संमतीपत्र मराठीत, ते द्यायचं ती बाई पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलणारी. आशाताईने समजावलं, बाईने अंगठा उठवला आणि उरलेली शाई दारापाशी कुडाला पुसली. तो निळा डाग मला रोज दिसायचा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या सूचनांनुसार निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. आमची साक्षीदार आशाताईच, म्हणजे आमच्याच गाडीतून आलेली! जर्मन तत्त्वज्ञ हॉर्कहायमरने १९३७ सालीच बजावलं होतं की अभ्यासक समाजाबाहेर उभा नसतो, त्याचं ज्ञानही कुणाच्या तरी कामी येतं. माझं कुणाच्या आलं? माझ्या पदवीच्या.

धुळ्याचा डॉक्टर
ताई, हॉर्कहायमर राहू द्या, ओपीडीत या. नवरा-बायको दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष जनुकात, तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता बाळाला आजार होण्याची. हे लग्नाआधी कळायला हवं तर तपासणी हवी, नोंद हवी. शाईच्या डागावर विचार करत बसलात तर पोर हातपाय सुजून कण्हत येईल तेव्हाच कळेल.

सातपुडाकाठी
तपासणीला कोण नको म्हणतंय? रक्ताचा रिपोर्ट निदान तिला परत मिळतो. ती भगताकडे कधी गेली, सासू काय बोलली, हे माझ्या वहीत गेलं ते गेलंच. आणि रक्ताचंही सांगते. अमेरिकेत ॲरिझोनात हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, ते स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाला वापरलं. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

धुळ्याचा डॉक्टर
अमेरिकेतलं एक प्रकरण दाखवून इथलं काम थांबवायचं?

पाड्यावरचा
मी तिथलाच, पावरा. ताई, नाव बदलून लिहिता, पण पाड्यावर भगत एक, शिलाई मशीन एक. कोणाचं लिहिलंय ते पोरंसुद्धा सांगतात. आणि डॉक्टरसाहेब, तुमचा रिपोर्ट आला तेव्हा माणसं मुकादमाबरोबर गुजरातेत ऊस तोडत होती. माझ्या मावशीचं कार्ड शाळेच्या कपाटात पडून राहिलं. होळीला सगळे घरी येतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात टेबल टाका ना.

धुळ्याचा डॉक्टर
भर बाजारात कोण वाहक ते सांगायचं? मग लग्नं जमायची कशी? आत्ता तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना सगळं कळतं.

पाड्यावरचा
टेबलावर फक्त सांगायचं, कोणत्या दिवशी घरी येणार. निकाल घरात. पावरीत.

सातपुडाकाठी
आणि माझी वही?

पाड्यावरचा
ती पण घेऊन या. वाचून दाखवा. मावशी खोडायला सांगेल ते खोडा.