बोटुकलीचे कल्ले उघडून बघा

अंगावर उवा दिसत नाहीत म्हणजे बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) निरोगी, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ, डोळ्यांना दिसते म्हणून तिचीच चर्चा होते. पण कटला-रोहूच्या पिल्लांना ट्रायकोडिना हा एकपेशीय परजीवी आणि डॅक्टायलोगायरस हा कल्ल्यातला बारीक किडा जास्त छळतात, आणि हे दोन्ही सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाहीत. आमच्या बीडकडच्या शेततळ्यांत उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, मासे मात्र तेवढेच राहतात, शेण आणि उरलेल्या खाद्याची घाण साचते. ट्रायकोडिनाला नेमकं हेच हवं असतं. पिल्लं पहाटे वर येऊन तोंड मारायला लागली की आपण ऑक्सिजन कमी समजून पंप लावतो नि निर्धास्त होतो. त्या वेळी दोन-चार पिल्लं धरून कल्ल्याचं झाकण उचलून बघा हो. आत लालभडक असेल तर बरं. फिकट, बुळबुळीत, कडा सुजलेल्या दिसल्या तर मत्स्य अधिकाऱ्याला दाखवाच.

परजीवी मारायला पाण्यात टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटबद्दल एक. घाण पाण्यात ते घाणीवरच खर्ची पडतं, म्हणून आधी थोडं पाणी बदला. नवं बीज (माशाची पिल्लं) सोडण्याआधी खडेमिठाचं २ ते ३ टक्के पाणी, म्हणजे लिटरला २० ते ३० ग्रॅम, टबात करून पिल्लं त्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवा. पिल्लू कलंडायला लागलं की लगेच काढा. डॅक्टायलोगायरसची अंडी मात्र औषधाला दाद देत नाहीत, ती फुटून नवे किडे निघतात, त्यामुळे आठवड्याने पुन्हा उपचार करावाच लागतो.