मैदानाचे आरक्षण वगळण्याची सूचना : हरकत कशी घ्यावी?

रिंगरोडवासी
लातूरच्या रिंगरोडलगत आमची वसाहत आहे. शिकवण्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे येथे बंगल्यांच्या जागी चार-चार मजली वसतिगृहे उभी राहिली. जलवाहिनी आणि ड्रेनेज मात्र बंगल्यांच्या हिशेबाचेच राहिले. आता वसाहतीशेजारच्या जमिनीवरील खेळाच्या मैदानाचे आरक्षण वगळून ती रहिवास विभागात घेण्याची सूचना वर्तमानपत्रात आली असून, तीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ चा उल्लेख आहे. सर्वांच्या सह्यांचे एक निवेदन पुरेसे होईल काय? पाण्याचा मुद्दा त्यात मांडता येईल काय?

नकाशानवीस
हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते. ती आधी पाहावी. सह्यांचे निवेदन जरूर द्यावे, परंतु त्यासोबत ज्यांना शक्य आहे त्यांनी गट क्रमांक लिहून, भाग नकाशा जोडून स्वतंत्र हरकती नोंदवाव्यात, पोच घ्यावी आणि प्रत्यक्ष सुनावणीची मागणी लेखी करावी. ‘शहर बेसुमार वाढत आहे’ एवढ्याच तक्रारीला सुनावणीत कोणी उत्तर देत नाही. शहराच्या विकास योजनेचे, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याचे, स्वरूप बदलणार नाही असाच फेरबदल कलम ३७ खाली करता येतो. म्हणून परिसरात दुसरे मैदान नाही, वस्ती मात्र वाढली आहे, हे नकाशावर दाखवणे हाच आपला मुख्य युक्तिवाद असावा. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असल्याने एक प्रत नगररचना विभागालाही पाठवावी.

पाण्याचा मुद्दा अवश्य मांडावा. २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे प्रत्येक निवेदनात असते आणि अधिकाऱ्यांनाही पाठ आहे. त्याऐवजी आपल्या जलकुंभाची क्षमता व त्यावरील नळजोडण्यांची संख्या माहिती अधिकारात मागावी. मात्र त्या उत्तरालाही ३० दिवस लागू शकतात, त्यामुळे हरकत आधी दाखल करावी आणि माहिती सुनावणीत सादर करावी.

गटधारक
दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. माझ्या शेतावरही आरक्षण होते. वर्षानुवर्षे ना मोबदला मिळाला, ना बांधकाम परवानगी. योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. म्हणजे आपण हा फेरबदल थांबवला तरी मैदान होईलच असे नाही. शेजाऱ्यांना मोकळी जागा हवी असते, पण तिची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?

रिंगरोडवासी
आपला आक्षेप रास्त आहे. मालकाला मोबदला मिळावा, ही मागणी आम्ही हरकतीत घालू शकतो काय?

नकाशानवीस
घालावी, त्याने हरकत बळकटच होईल. जमीन संपादित करावी किंवा तिच्या बदल्यात मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क द्यावा, असे स्पष्ट लिहावे. टीडीआरला मुंबई-पुण्यासारखा भाव आपल्याकडे मिळणार नाही, त्यामुळे मालक रोख मोबदल्याचाच आग्रह धरतील. म्हणून महापालिकेच्या अंदाजपत्रकात या संपादनासाठी तरतूद आहे काय, हेही त्याच माहिती अर्जात विचारून घ्यावे.