बाजार गेला, व्हायोलिन आलं
जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या मिटेनवाल्डला 'व्हायोलिनचं गाव' म्हणतात ते खरंच, पण त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं ते बाजाराचं गाव होतं. १४८७ मध्ये आल्प्समधल्या टिरोल प्रांताच्या आर्चड्यूकशी, म्हणजे तिथल्या शासकाशी, बिनसल्यावर व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी बोझनचा (आजचं इटलीतलं बोल्झानो) बाजार इथे हलवला. गाड्यांनी आलेला माल पुढे इझार नदीतून तराफ्यांवर जायचा. १६७९ मध्ये बाजार परत बोझनला गेला आणि गावाच्या पोटावर पाय आला. मग काही वर्षांतच माथियास क्लोट्झ कारागिरी शिकून गावी परतला, व्हायोलिनं बनवू लागला. स्प्रूस आणि मेपलचं लाकूड तर भोवतालच्या डोंगरांतच होतं! १८५८ मध्ये सुरू झालेली व्हायोलिन बनवण्याची शाळा आजही भरते. आणि हो, बव्हेरियात 'मार्क्ट' (म्हणजे बाजार) हा खेडं आणि शहर यांच्या मधला दर्जा. तो मिटेनवाल्डनं अजून जपलाय.