जोडीदार पुन्हा पिऊ लागला आहे, पण स्वमदत गटात परतायला तयार नाही

प्रश्न

माझा जोडीदार बराच काळ दारूपासून दूर होता, पण एका मित्राच्या वाढदिवसाला त्याने एक पेग घेतला आणि आता तो पुन्हा रोज पितो. आम्ही दोघेही पुरुष आहोत. दारू सोडणाऱ्यांच्या ज्या स्वमदत गटात तो नेमाने जात असे, तिथे त्याने माझा उल्लेख कायम ‘रूममेट’ असाच केला. त्यामुळे पिण्यामागचे खरे कारण, म्हणजे घरच्यांनी आमचे नाते तोडण्यासाठी लावलेला तगादा, तिथे सांगता येणार नाही, असे तो म्हणतो. आमचे बहुतेक मित्रही पार्ट्यांतूनच जोडले गेलेले आहेत. त्याच्यावर न चिडता, पण डोळेझाकही न करता मी काय करावे?

उत्तर १

सर्वांत आधी डॉक्टरांना भेटा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, आणि शेवटच्या पेगनंतर साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. तेव्हा ‘आजपासून बंद’ अशी शपथ त्याला घालू नका.

उत्तर २

मी स्वतः समलिंगी असून अनेक वर्षे सोबर, म्हणजे दारूपासून दूर आहे. ‘रूममेट’ हा शब्द सांभाळायचा, तर भांडण कोणाशी झाले, रात्रभर झोप का लागली नाही, हे सारे प्रत्येक शेअरिंगमधून, म्हणजे गटात स्वतःविषयी बोलताना, गाळावे लागते. आणि पिण्याची ओढ नेमकी त्याच गोष्टींमुळे लागते; मग ती लागेल त्या दिवशी फोन करावा असा माणूसच उरत नाही. संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये समलिंगींसारख्या अल्पसंख्याकांच्या मानसिक ताणाची जी मांडणी केली, तीत लपवाछपवी आणि नाकारले जाण्याची धास्ती हे स्वतंत्र ताण मानले आहेत. म्हणून त्याच्या घसरणीला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही त्याने सर्वांसमोर सगळे उघड करावे, असे मी म्हणणार नाही. स्पॉन्सर, म्हणजे गटात त्याला मार्गदर्शन करणारा सोबती, किंवा गटातला एखादा जुना, तोंडाचा पक्का सदस्य, एवढ्या एकाच माणसाला खरे सांगितले तरी पुष्कळ मोकळीक मिळते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेच्या तिसऱ्या परंपरेनुसार, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वानुसार, सदस्यत्वासाठी पिणे थांबवण्याची इच्छा पुरेशी असते, त्यामुळे पुन्हा प्यायला म्हणून त्याची जागा गेलेली नाही. क्विअर, म्हणजे समलिंगी व तत्सम, सदस्यांच्या स्वतंत्र मीटिंगही असतात, काही ऑनलाइन भरतात. सुरुवातीला त्याने तिथे नुसते ऐकत बसले तरी चालेल.

मार्लाट आणि गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की पहिल्या पेगपेक्षा त्यानंतरची ‘आता सगळे वायाच गेले’ ही भावना माणसाला अधिक खोल नेते. म्हणून ‘पुन्हा का प्यायलास?’ असे विचारण्याऐवजी, त्या दिवशी पेग हातात घेण्याआधी काय काय घडले, हे तो शुद्धीवर असताना शांतपणे विचारा.

प्रश्नकर्ता

तो डॉक्टरांकडे यायला तयार झाला आहे. तिथे मी कोण म्हणून सोबत जाऊ?

उत्तर ३

हे आधी त्यालाच विचारा. त्याची हरकत नसेल तर जोडीदार म्हणूनच जा, कारण घरच्या ताणाबद्दल डॉक्टरांना समजले नाही, तर उपचार अर्धवट माहितीवर ठरतील. आणि मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी व जिवलगांसाठी १९५१ पासून चालणाऱ्या अल-अनॉनच्या मीटिंगला तुम्ही स्वतः जा. तो प्यायचा थांबो वा न थांबो, तुमचा राग आणि भीती बोलून दाखवायला तुम्हालाही जागा हवी आहे.