नेरूळहून एका दिवसात कुलाबा किल्ला, कोर्लई, काशीद, जंजिरा: जमेल का?

पामबीचकर
मंडळी, सहा जण, दोन गाड्या. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी पहाटे निघून रात्री दहाच्या आत घरी यायचंय. दोघांना ठाण्याहून घ्यायचंय. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत, मग कोर्लई, काशीदला पोहणं आणि शेवटी जंजिरा. बसेल का? वाळूत गाडी उतरवता येते का?

खाडीकाठ
जंजिरा काढा. अलिबागहून काशीद साधारण 30 किमी आणि मुरूड त्याच्याही पुढे 20 किमी. रस्ता वाड्यांमधून जातो, समोरून एसटी आली की थांबावं लागतं. त्यात जंजिऱ्याला न्यायला राजपुरीला शिडाच्या होड्यांची रांग. जंजिरा मुक्कामाचं ठिकाण आहे.

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीलाच चालत जाता येतं, म्हणून बाकी बेत भरती-ओहोटीवर बसवा, शनिवार नंतर ठरवा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. चतुर्थी असेल तर 4 च्या पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण पक्षाला हिशेब एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघाच.

किल्ल्यासाठी तृतीया ते पंचमी उत्तम. ओहोटीच्या तासभर आधी पाण्याच्या कडेला पोचा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराला पाणी भरलेलं असतं. अष्टमी-नवमीला ओहोटी नेमकी दुपारी येते, पण तो भांगेचा, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असण्याचा काळ, पाणी फारसं उतरतच नाही. ‘दुपारी ओहोटी आहे’ एवढंच बघून निघालेले लोक तिथे फसतात. द्वादशी मिळाली तर क्रम उलटा लावा: आधी काशीद, दुपारी तीनच्या सुमारास किल्ला.

वडखळनाका
रस्त्याचं सांगतो. ठाण्याचे दोघे ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याने आदल्या रात्रीच नेरूळला येऊ देत, पहाटेचा वेळ वाचतो. पाचला निघा. पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, पोयनाड. वडखळ सात-साडेसातच्या आत ओलांडायचं, नंतर मुंबईच्या गाड्या येऊन मिळतात आणि पुढचा रस्ता दुपदरीच आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून त्या गाड्या लवकर पोचतात, आपल्याला फायदा शून्य! शनिवार निवडलात ते बरोबर. परतीची खरी कोंडी रविवारी संध्याकाळी धरमतर पुलापासून वडखळपर्यंत असते.

इंधन आणि हवा आदल्या रात्री. जेवण चौल-रेवदंड्याच्या घरगुती खानावळीत, पण सकाळी दहाच्या आत फोन करून ताटं सांगा. माशांची थाळी मोजून करतात, दीडला पोचून विचारलं तर वरणभात मिळेल.

पामबीचकर
हे छान झालं. एक मित्र ऐनवेळी म्हणतोय की गाडीने येणार नाही. लोकलने येता येईल?

खाडीकाठ
उरणची लोकल, तिथून रिक्षाने करंजा, लाँचने रेवस, पुढे एसटी किंवा रिक्षा. मात्र ऐन ओहोटीला रेवसच्या गाळामुळे लाँच अडू शकते. म्हणजे तुम्ही किल्ल्यावर चालत असाल तेव्हाच तो पलीकडे अडकेल. गाडीतूनच आणा.

पंक्चरकिट
वाळूचा प्रश्न राहिला: उतरवू नका. ओली वाळू कडक वाटते, पण चाक थांबलं की खाली पाणी साचून वाळू सैल होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी पोटावर बसते आणि मग भरती. अडकलीच तर चाकं फिरवणं बंद. ड्रायव्हरखेरीज सगळे उतरा, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांची हवा 18-20 पीएसआयवर आणा, पुढची-मागची वाळू हाताने काढा, पायपुसण्या चाकाखाली घालून दुसऱ्या गिअरवर हळू. हवा भरायचा छोटा पंप सोबत हवाच, नाहीतर डांबरावर टायर जाईल.

काशीदला कमरेच्या वर जाऊ नका. उतार एकदम आहे, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि पाणी उतरत असताना ओढ जास्त. जेवून किंवा ‘घेऊन’ तर नाहीच. कोर्लईला दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, गावातली गल्ली अरुंद, म्हणून दोन्ही गाड्या एकामागे एक घालू नका. त्या गावात पोर्तुगीज मिसळलेली बोली अजून बोलतात, पाच मिनिटं थांबून ऐका.

वडखळनाका
काशीदहून साडेचारला निघा, अंधार व्हायच्या आत रेवदंड्याचा पूल आणि अलिबाग मागे पडेल.