सोसायटी व्यवस्थापन कंपनीतील नोकरी : काय आवडते, काय खटकते?

गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव आणि खजिनदार आपापल्या नोकऱ्या सांभाळून कारभार पाहतात, त्यामुळे मोठ्या संकुलांत देखभालीची बिले, हिशेब, लिफ्ट आणि पंपांची देखरेख, सुरक्षारक्षकांच्या पाळ्या हे सारे हल्ली एखाद्या व्यवस्थापन कंपनीकडे सोपवले जाते. अशा कंपनीत ज्यांनी काम केले आहे, त्यांनी आपले बरेवाईट अनुभव येथे मोकळेपणाने मांडावेत. कंपनीचे व संस्थेचे नाव मात्र लिहू नये.

हिशेब विभाग, ठाणे

एकाच वेळी अनेक संस्थांची पुस्तके हाताखालून जात असल्याने सहकार कायदा आपोआप पाठ होतो, ही या नोकरीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. २०१९ साली कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हा कार्यकारिणीचे सदस्य आम्हालाच शंका विचारत. घर भाड्याने दिलेल्या सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे एका अध्यक्षांना परिपत्रक समोर ठेवून दाखवले आणि पुढच्या बिलात ती रक्कम खरोखरच कमी झाली; असे समाधान कारखान्याच्या हिशेबात मला कधी मिळाले नव्हते.

खटकतो तो सप्टेंबर. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे साऱ्याच संस्थांना लेखापरीक्षण झालेला ताळेबंद एकदमच हवा असतो आणि सभा तर रविवारीच असतात. गणपतीत पूर्ण सुट्टी मिळाल्याचे मला आठवत नाही.

साइट मॅनेजर, वाकड, पुणे

पगार कंपनी देते आणि हुकूम कार्यकारिणी सोडते. सचिव म्हणतात टँकर कमी करा, ‘सी’ इमारतीतले सभासद म्हणतात सकाळी नळाला पाणी नाही, आणि कंपनीतले वरिष्ठ म्हणतात की करार नूतनीकरणाला आला आहे, कोणालाही दुखवू नका. उन्हाळ्यात रात्री टँकर आला की मी स्वतः झाकण उघडून पाण्याची पातळी पाहतो आणि मगच चलनावर सही करतो. तरीही दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप गटावर ‘टँकर अर्धा होता का?’ असा प्रश्न येतोच. निवडणूक होऊन नवी कार्यकारिणी आली की बहुधा पहिला ठराव मॅनेजर बदलण्याचा असतो. कंपनी कामावरून काढत नाही, दुसऱ्या साइटवर पाठवते. मुलांच्या शाळेचा विचार मात्र त्यात कोणी करत नाही.

आवडते काय, असे विचाराल तर माणसे. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बंद पडला होता, तेव्हा एक निवृत्त अभियंता काका माझ्यासोबत मध्यरात्रीपर्यंत ब्लोअरजवळ (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राजवळ) उभे होते.

मदतकक्ष, नवी मुंबई

कामाचे ठिकाण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरला जातो, म्हणून मी टिकून आहे. तक्रार अॅपवर नोंदवा असे सांगितले की काहींना तो अपमान वाटतो, एवढेच.

तांत्रिक पर्यवेक्षक, मुंबई उपनगर

ठाण्याच्या ताईंनी लिहिलेला सप्टेंबर आमच्याकडे जानेवारीत आणि जुलैत येतो, कारण अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन त्या महिन्यांत सादर करावे लागते. होजरील (आग विझवण्याच्या पाइपाचे रीळ) उघडून पाणी शेवटच्या मजल्यापर्यंत नीट चढताना पाहिले की बरे वाटते.

माझी तक्रार दरपत्रकाविषयी आहे. संस्था तीन दरपत्रके मागवतात आणि बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त कंपनी निवडतात. ही कपात शेवटी आमच्या आणि सफाई कामगारांच्या वेतनातून होते. पुण्याच्या दादांची बदली निदान दिसते तरी. आमच्याकडे एका माणसाचे काम दोघांत वाटून तिसरी जागा भरायचीच नाही, हा प्रकार कागदावर कुठेच येत नाही. मुलाखतीच्या वेळीच आपल्याकडे किती इमारती असतील आणि रात्रपाळीला तंत्रज्ञ असेल का, हे नव्याने येणाऱ्यांनी लेखी विचारून घ्यावे.