कनात मांडवाची की पाण्याची? यझ्द शहरातले काही शब्द

धागाकर्ती:
इराणमधल्या यझ्द शहराबद्दल वाचत होते. दोन वाळवंटांच्या मधे वसलेलं, मातीच्या विटांचं जुनं शहर, २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं ते. त्यात सारखा 'कनात' शब्द येतो आणि अर्थ दिलाय जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. आता माझ्यासाठी कनात म्हणजे मांडवाला बाजूने लावतात ते कापड, आमच्या घरात कार्य असलं की आजोबा पहिल्यांदा 'कनाती बांधल्या का रे' हेच विचारायचे. तर कापडाची कनात आणि पाण्याची कनात एकच आहे का? आणि शहराचं नाव मराठीत यझ्द लिहावं की याझ्द?

प्रतिसाद १:
ताई, एकच नाही. आपली मांडवाची कनात तुर्कीतून आली, तुर्कीत कनात म्हणजे पंख, तंबूची बाजूची भिंत म्हणजे त्याचा पंखच की. पाण्याची कनात अरबी आहे, तिचा मूळ अर्थ बोरू किंवा वेत, म्हणजे आतून पोकळ असलेली काठी, त्यावरून नळी आणि मग पाट. इंग्रजीतला कॅनॉल लांबून याच बोरूच्या घराण्यातला. फारसीचा स्वतःचा शब्द कारीझ, पण यझ्दमधे लोक कनातच म्हणतात.

काम कसं चालतं ते सांगतो कारण त्याशिवाय शब्दाला मजा नाही. यझ्दला पाऊस जवळजवळ नाहीच, पण दक्षिणेला शीरकूह म्हणून ४००० मीटरच्या वरचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला खोल विहीर खणून भूजल गाठायचं (या पहिल्या विहिरीला मादर-चाह म्हणतात, मादर म्हणजे आपली माताच), आणि तिथून अगदी बेताचा उतार ठेवत बोगदा खणत शहरापर्यंत आणायचा, मधे मधे माती वर काढायला आणि हवा मिळायला उभ्या विहिरी, त्यामुळे वरून बघितलं तर वाळवंटात वारुळांची रांग दिसते. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या वजनाने येतं आणि जमिनीखाली असल्यामुळे उन्हात उडून जात नाही. यझ्दची झार्च कनात ७० किलोमीटरच्या वर लांब आहे. खणणाऱ्याला मुकन्नी म्हणतात, बोगदा कोसळला तर तिथेच कबर, म्हणून ही माणसं पांढरे कपडे घालून उतरायची असं सांगतात. मला हे वाचल्यापासून त्या वारुळांचे फोटो नुसते बघवत नाहीत.

प्रतिसाद २:
मी औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर). मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून उताराने शहरात. बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे, बिदरला तर करेझच म्हणतात. आमच्याकडे मात्र शब्द नहर, कनात म्हटलं तर मंडपवाला येईल.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांना! मग अजून एक. तिथल्या पाण्याच्या टाक्यांना आब-अंबार म्हणतात. जमिनीत उतरलेलं मोठं टाकं, वर घुमट, आणि बाजूला वारा आत घेणारे मनोरे म्हणजे बादगीर. हा अंबार आपल्या पन्हाळ्याच्या अंबरखान्यातला का?

प्रतिसाद १:
हो, अगदी तोच. फारसी अंबार म्हणजे साठा, कोठार. आब-अंबार पाण्याचं कोठार, पन्हाळ्यावरचं धान्याचं, तिथे गंगा यमुना सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. मूळ अंबारखाना, बोलता बोलता अंबरखाना झालं. पण मलिक अंबरच्या नावातला अंबर वेगळा, तो अरबी, सुगंधी द्रव्य. आणि संस्कृत अंबर म्हणजे आकाश ते आणखी तिसरं. एकसारखे दिसले म्हणून सख्खे समजू नयेत.

आब मात्र आपला जवळचा नातलग, संस्कृत अप्, आपः. मराठीत आब राखणे, अब्रू (आब + रू, चेहऱ्यावरचं पाणी), गुलाब. जुलाबसुद्धा गुलाबपाण्याचाच अरबीतून फिरून आलेला. पण शराबमधे आब शोधू नका, तो अरबी 'पिणे' या धातूवरून, सरबताचा भाऊ.

प्रतिसाद ३:
बादगीरबद्दल थोडं. बाद म्हणजे वारा, संस्कृत वात. गीर म्हणजे धरणारा, जहांगीर जग धरणारा, जहागीर ही मुळात जा-गीर, जागा धरणारी. तर बादगीर म्हणजे वारा धरणारा. यझ्दच्याच दौलताबाद बागेतला ३३ मीटर उंच आहे, वरच्या फटीतून वारा पकडून खाली पाण्यावरून नेतात, भर उन्हाळ्यात खोली गार. मराठीत काही लोक 'वातविहीर' असं काहीतरी घडवतात ते मला पटत नाही, विहिरीचा काय संबंध, बादगीरच लिहावं, दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत.

प्रतिसाद ४:
शहराच्या नावावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी यझ्द लिहीन, पहिला स्वर आखूड आहे. जुन्या फारसीत यझ्द म्हणजे पूजनीय, देव. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला यझत, आपल्या वेदातला यजत, धातू यज्, ज्यावरून यज्ञ. आणि जश्न हा शब्दसुद्धा अवेस्तातल्या यस्न म्हणजे यज्ञाचाच पुढचा अवतार, पारशी लोक धार्मिक विधीला अजून जशन म्हणतात.

हे माझ्यासाठी नुसतं कोशातलं नाही. मी मुंबईत वाढले, शेजारी इराणी कुटुंब, त्यांचे आजोबा यझ्दजवळच्या खेड्यातून आलेले. मुंबई-पुण्यातले बरेचसे इराणी हॉटेलवाले यझ्द आणि केरमानकडचेच, तिकडे झरथुश्त्री (पारशांच्याच धर्माच्या) लोकांना जिझिया भरावा लागायचा, तो १८८२ मधे रद्द झाला त्यामागे मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातारियांची अनेक वर्षांची खटपट होती. यझ्दच्या आताच्या आतशबेहराम या अग्निमंदिराची इमारत १९३४ ची, तिलाही इथल्या पारशांचा पैसा लागलाय. आतला अग्नी इ. स. ४७० पासून तेवतोय अशी श्रद्धा आहे. ते आजोबा मात्र त्या अग्नीबद्दल कमी आणि पायाबबद्दल जास्त बोलायचे, म्हणजे घरातून कनातीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, दुपारी सगळं घर तिथे खाली जाऊन बसायचं.

प्रतिसाद २:
मग येझ्दी मोटरसायकल?

प्रतिसाद ४:
हो, मैसूरची, इराणी कुटुंबाचीच कंपनी होती ती. यझ्दी म्हणजे यझ्दचा. यझ्दानी हे आडनाव मात्र गावावरून नाही, ते यझ्दान म्हणजे देव यावरून, ही गल्लत फार होते.

धागाकर्ती:
पायाबमधला पाय म्हणजे आपलाच पाय का हो?

प्रतिसाद १:
आपलाच. संस्कृत पाद, फारसी पाय, मराठी पाय. आणि पुढे आब.